दाब्या, फ्रीझर आणि झ्लातिनाची मान

झ्लातिनाच्या दारात फ्रीझर उतरला त्या दिवसापासून नेदाच्या पोटात दुखत होतं, आणि ते दुखणं डॉक्टरला दाखवण्यातलं नव्हतं.

एप्रिल महिना होता. शेजारची झ्लातिना चौदा वर्षं इटलीत, पादोवाला, एका श्रीमंत म्हातारीची सेवा करून द्रेनकोवोला परत आली होती. अंगावर जांभळा कोट, केस कापलेले, आणि मागोमाग टेम्पोत माणसाएवढा उंच पांढराशुभ्र फ्रीझर. चार गडी घामाघूम होऊन तो अंगणातल्या उन्हाळी स्वयंपाकघरात नेत होते आणि अख्खी गल्ली कुंपणाला टेकून बघत होती, लग्नाची वरात आल्यासारखी. नेदाही बघत होती. फक्त ती पडद्याआडून बघत होती.

"थंड करून ठेवायला अक्कल लागते का?" ती नवऱ्याला म्हणाली. "दार उघडायचं, फेकायचं, दार लावायचं. मांजरसुद्धा करेल."

रुसी म्हणाला, "मांजराला दार उघडता येत नाही."

"तुला कोणी विचारलं?"

या जळफळाटाचं कारण कळायला दाब्या काय होता ते सांगायला हवं. दाब्या म्हणजे बरण्यांना पत्र्याची झाकणं बसवायचं हातयंत्र. काचेची बरणी भरायची, वर झाकण ठेवायचं, त्यावर दाब्या बसवायचा आणि दांडा गोल फिरवायचा, की दोन छोटी चाकं करकर करत पत्र्याची कड काचेखाली वळवतात. हवा बंद. मग बरणी उकळवून ठेवली की तीन वर्षं बघायला नको. नेदाच्या लग्नाला सहा महिने झाले होते तेव्हा रुसीने तो आणला. तो शहरातल्या कारखान्यात फिटर होता, आणि चाकं त्याने स्वतः घासून घासून अशी काही बसवली होती की आसपासच्या तीन गावांत तसा दाब्या नव्हता. दुसऱ्यांची यंत्रं बरणीचा गळा फोडायची. नेदाच्या दाब्याखाली चाळीस वर्षांत अकरा बरण्या फुटल्या, आणि त्या अकराच्या अकरा कोणाच्या होत्या हे ती सांगू शकायची.

वर्षातले दहा महिने नेदा तंबाखूच्या गोदामात पानं निवडणारी एक बाई होती. सप्टेंबर-ऑक्टोबर आला की ती राणी व्हायची. गल्लीभर लाल मिरच्या भाजल्याचा धूर, घराघरात ल्यूतेनित्सा शिजतेय, टोमॅटो-मिरचीचा तो घट्ट लगदा चुलीवर फटफट उडतोय, आणि तिच्या अंगणात रांग. कोण आधी, कोण नंतर हे नेदा ठरवणार. बरण्या बघून तिला सगळं कळायचं. कोणाचा मुलगा सुट्टीला येणार आहे, कोणाच्या घरात यंदा दोन माणसं कमी जेवणार आहेत, कोणी साखर वाचवली आहे. एकदा गांचोची आई म्हणाली की नेदाचा प्लमचा मुरांबा गढूळ दिसतो. त्या वर्षी गांचोच्या आईच्या बरण्या आठ दिवस रांगेच्या शेवटी राहिल्या. नेदा वाईट नव्हती, पण लक्षात ठेवायची.

आणि या सगळ्यात शेजारी बसून बरण्या पुसून पुढे सरकवणारी कोण? झ्लातिना. दोघी शाळेत एका बाकावर. झ्लातिना दिसायला उजवी. इतकी उजवी की गावच्या जत्रेत रुसी पहिल्यांदा नाचला तो झ्लातिनाबरोबर, आणि मग कसा कोण जाणे, दुसऱ्या वर्षी नेदाकडे वळला. का वळला ते नेदाने कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, म्हणून विचारलं नाही.

झ्लातिनाचा नवरा गेला, ती इटलीला गेली, आणि खरं सांगायचं तर तिथे होती तोवर ती जिवाची मैत्रीण होती. दर नोव्हेंबरला नेदा पादोवाला जाणाऱ्या गाडीतून वीस बरण्या पाठवायची. प्रत्येकीवर स्वतःच्या हाताने चिठ्ठी. झ्लातिना कॉफी पाठवायची. फोनवर दोघी रडायच्या. मग ती परत आली, रोज कुंपणापलीकडे दिसायला लागली, आणि बास, डोळ्यात खुपायला लागली.

कारण लोक फिरले. आधीच फिरकीची झाकणं आल्यापासून दाब्याकडे येणारे कमी झाले होते, पण म्हाताऱ्या येत होत्या. आता त्याही भाजलेल्या मिरच्या पिशवीत घालून झ्लातिनाकडे. ब्लॅकबेरी झ्लातिनाकडे. गांचोने मारलेलं रानडुक्कर, अख्खं, तुकडे करून, झ्लातिनाकडे. "तिच्याकडे जागा आहे गं," असं म्हणायचे आणि वर तिथे बसून त्या छोट्या इटालियन किटलीतली काळी कॉफी प्यायचे. त्या ऑक्टोबरात नेदाच्या अंगणात रांग लागली ती दोन बायकांची. त्यातली एक रस्ता विचारायला आली होती.

झ्लातिनाची अजून एक गोष्ट नेदाला सहन होत नव्हती. तिची मान. द्रेनकोवोत मान आडवी हलली म्हणजे हो, आणि वर-खाली हलली म्हणजे नाही, हे बाळाला बोलता येण्याआधी येतं. इटलीत बरोबर उलटं. चौदा वर्षांत झ्लातिनाची मान बिघडून आली होती. कधी इकडची हलायची, कधी तिकडची. दुकानात "पाव देऊ का?" विचारलं की ती मान हलवायची आणि दुकानदार पाव हातात धरून उभा.

"तोंडाने बोल बाई," लोक म्हणायचे आणि हसायचे. नेदा हसायची नाही. तिला तो नखरा वाटायचा.

तर ऑक्टोबरच्या मधोमध वाचनघराच्या दारावर कागद लागला. आमच्याकडे प्रत्येक गावात वाचनघर असतं, पुस्तकं असोत नसोत, आणि नोव्हेंबरच्या एक तारखेला, लोकांना शहाणं करून गेलेल्यांच्या दिवशी, तिथे काहीतरी करावंच लागतं. वाचनघराची सेक्रेटरी वेलिका तरुण आणि उत्साही. तिने लिहिलं होतं: कुठल्या शोधाने आपलं रोजचं जगणं सगळ्यात जास्त बदललं? या, बोला, भांडा. हात वर करून मतं. जिंकेल ती वस्तू दारातल्या काचेच्या कपाटात, खाली मालकाचं नाव.

काचेचं कपाट म्हणजे गंमत नाही. त्यात शंभर वर्षांपूर्वीच्या शिक्षकाची छडी होती, युद्धातून परत आलेल्या बैलगाडीवाल्याचं बिगूल होतं. नेदाने कागद दोनदा वाचला आणि तिच्या डोळ्यापुढे दाब्या उभा राहिला, लख्ख पुसलेला, खाली तिचं नाव. मरून गेली तरी नाव राहील. आणि झ्लातिना रोज त्या दारातून आत जाईल.

"माझं नाव लिही," ती वेलिकाला म्हणाली. "दाब्या."

मागे गांचो उभा होता. "दाब्या शोध आहे होय? मला वाटायचं बायकांना रांगेत उभं करायची शिक्षा आहे."

"तुझ्या आईला विचार."

"आई गेली नेदा. तुझ्या रांगेतून सुटली."

"लेल्या नेदा, लिहिलं," वेलिका घाईने म्हणाली. लेल्या म्हणजे मावशी, आणि वेलिका भांडण मिटवायला हा शब्द औषधासारखा वापरायची. "आणि रुसीकाकांचं कालच लिहिलंय."

नेदा थांबली. "रुसीचं? कशावर?"

"सांगितलं नाही. म्हणाले, आयत्या वेळी."

घरी आल्यावर तिने सरळ विचारलं.

"नाव दिलंस म्हणे."

"दिलं."

"कशावर बोलणार?"

"बघू."

"बघू नावाचा नवीन शोध लागलाय का?"

रुसी हसला आणि टोपी घालून बाहेर पडला. कुठे? कुंपणाच्या दारातून, झ्लातिनाकडे. दुसऱ्या दिवशी पण. तिसऱ्या दिवशी पण. रोज सकाळी दहाला जायचा, अकराला यायचा, आणि मिशीला त्या कॉफीचा वास. बहात्तर वर्षांचा माणूस, उजव्या कानाने कमी ऐकतो, जिना चढताना गुडघ्याला शिव्या देतो, आणि शेजारी जाताना दाढी करतो. नेदाने सगळं मोजलं. दाढी आठवड्यातून चारदा झाली होती. तिच्याबरोबर चर्चमध्ये जाताना कधी चारदा झाली नव्हती.

"तिथे रोज काय काम असतं?"

"फ्रीझरचं दार नीट लागत नाही," रुसी म्हणाला. त्याला खोटं बोलता यायचं नाही, म्हणून तो खोटं बोलताना छताकडे बघायचा. आत्ताही बघितलं.

बास. नेदाच्या डोक्यात जे बसलं ते बसलं. रुसी फ्रीझरवर बोलणार. सगळ्या गावासमोर तिच्या नवऱ्याच्या तोंडून झ्लातिनाचा फ्रीझर. ज्या हातांनी दाब्याची चाकं घासली तेच हात वर करून.

बुधवारी सकाळी झ्लातिना दोरीवर चादरी वाळत घालत होती. दोन्ही हातात ओली चादर, तोंडात तीन चिमटे. नेदा कुंपणापाशी गेली. चार दिवस गिळलेला प्रश्न सटकन बाहेर आला.

"एक खरं सांग. रुसी शनिवारी तुझ्या फ्रीझरवर बोलणार आहे ना?"

झ्लातिनाने तिच्याकडे बघितलं, तोंडात चिमटे तसेच, आणि मान हलवली. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. आडवी. दोनदा.

नेदाने अजून काही विचारलं नाही. विचारायला काय राहिलं होतं? ती घरात आली आणि खुर्चीवर बसून राहिली, आणि चुलीवरचं दूध उतू जाऊन करपलं तरी उठली नाही.

गुरुवारी दुपारी झ्लातिना बसने शहरात बहिणीकडे गेली, शनिवारी सकाळी येते म्हणून. नेदाकडे तिचं एक तसराळं होतं. ते परत द्यायला म्हणून ती गेली, खरंच तेवढ्यासाठीच गेली. किल्ली कुंडीखाली असते हे तिला चाळीस वर्षांपासून माहीत. उन्हाळी स्वयंपाकघराचं दार उघडलं तर समोर तो. पांढरा, उंच, गुणगुणत. खूश असल्यासारखा गुणगुणत होता. पोटात गल्लीच्या मिरच्या, गल्लीचं मांस, गल्लीची बेरी, जे सगळं तिच्या अंगणात रांगेत यायला हवं होतं. नेदाने तसराळं ठेवलं. खाली वाकली. प्लग धरला आणि ओढला.

गुणगुण थांबली.

घरी येताना तिला वाटलं, दहा मिनिटांनी जाऊन लावू. नाही गेली. शुक्रवारी सकाळी मात्र लाज वाटली, मनापासून वाटली, आणि ती लावायलाच गेली. दार उघडलं. आणि समोर खुंटीवर रुसीची टोपी. विसरून गेला असेल. पण खुंटीवर टांगलेली. स्वतःच्या घरात तो ती कायम टेबलावर फेकायचा, नेदा चाळीस वर्षं ओरडत होती खुंटीवर लाव म्हणून, आणि इथे बघा, खुंटीवर. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. ती तशीच मागे फिरली.

शनिवारी सकाळी झ्लातिना ओरडली नाही. ती अंगणात येऊन उभी राहिली, हात ओले, आणि हळू आवाजात म्हणाली, "नेदे, सगळं पाणी झालंय."

पाच मिनिटांत गल्ली जमली. फरशीवर ब्लॅकबेरीचं जांभळं पाणी, मिरच्या लोळागोळा. मांस मऊ पडलेलं, पण हात लावला तर मधे अजून गार होतं.

"डुक्कर," गांचो एवढंच म्हणाला.

"प्लग निघालेला होता," झ्लातिना म्हणाली. "कसा ते कळत नाही."

तेव्हा रुसी पुढे आला, टोपीशिवाय. "माझ्याच हातून झालं असणार. गुरुवारी पाय गारठले म्हणून मी तिथे हीटर लावला होता. मागे हात घालून लावला. ओढला गेला असेल."

"म्हातारा झालास रुसी," गांचो म्हणाला. "फिटर म्हणे. एक प्लग सांभाळता येत नाही, आणि माझं अख्खं डुक्कर."

"चुकलं," रुसी म्हणाला. आणि प्रत्येकीकडे जाऊन, एकेकीकडे बघून, पुन्हा म्हणाला, "चुकलं. भरून देईन."

नेदाने तोंड उघडलं. तेवढ्यात झ्लातिना तिच्याकडे वळली.

"गरम बरण्यांत घातलं तर वाचेल. आत्ताच्या आत्ता. नेदे, दाब्या आण."

आणि नेदाचं उघडलेलं तोंड बंद झालं. ती पळतच गेली.

तो दिवस कसा होता म्हणून सांगावं. अंगणात दोन कढया चढल्या, डुक्कर तिखटात आणि तमालपत्रात परतलं जायला लागलं, बेरींचा मुरांबा वेगळा, मिरच्या वेगळ्या. नेदाने तळघरातून पत्र्याच्या झाकणांच्या दोन जुन्या थैल्या काढल्या, ज्या फेकून दे म्हणून सगळे तिला सांगत होते. आणि रांग लागली. गांचोसुद्धा रांगेत, दोन्ही हातांत बरण्या, गप्प. दाब्या करकर करायला लागला. शेजारी झ्लातिना, जांभळा कोट काढून, बाह्या वर करून, बरण्यांचे गळे पुसून पुढे सरकवत होती, अगदी पूर्वीसारखी, आणि दोघींचे हात एकमेकींना न विचारता चालत होते.

"बघितलंत, लाईट गेली की फ्रीझर मेला," एक म्हातारी म्हणाली. "दाब्याला काय, हात पाहिजे फक्त."

नेदाला सुख होत होतं. खोटं कशाला सांगायचं, इतकं सुख तिला दहा वर्षांत झालं नव्हतं. फक्त कोपऱ्यात रुसी पिंपाखाली जाळ लावत होता, पिंपात बरण्या उकळायच्या होत्या, आणि येणारा-जाणारा त्याला काहीतरी टोचून जात होता. "रुसी, जाळापासून लांब राहा, तेपण विझवशील." तो हसत होता. त्याचे कान लाल झाले होते. नेदा दांडा फिरवत राहिली. दर बरणीला वाटायचं आता सांगू. दर बरणीला पुढची बरणी यायची.

संध्याकाळी पाचला वाचनघर भरलं. सगळ्यांच्या कपड्यांना डुकराच्या रश्शाचा वास. निवृत्त मास्तर विजेवर बोलले, वीस मिनिटं. एक बाई मिरच्या भाजायच्या विजेच्या भट्टीवर बोलली आणि टाळ्या घेऊन गेली. गांचो मोबाइलवर बोलला.

"डुक्कर कुठे आहे ते मित्र मला फोनवर सांगतात," तो म्हणाला. "आणि मी कुठे आहे ते माझी बायको मला फोनवर सांगते. म्हणून याला मत देऊ नका."

झ्लातिना उठली तेव्हा लोक हसले. "माझ्या फ्रीझरवर आज काय बोलू? तो घरी रडतोय. पादोवात मला फोनवर तुम्ही सगळे दिसायचा. पण वास यायचा नाही. वास नेदाच्या बरणीतून यायचा. झाकण उघडलं की आपली गल्ली. त्या म्हातारीला वाटायचं मी कांद्यामुळे रडते. माझं मत दाब्याला." आणि बसली.

नेदा स्वतः काय बोलली ते तिला नंतर आठवलं नाही. टाळ्या पडल्या एवढं आठवलं.

शेवटी रुसी. त्याने खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला.

"मी वॉशिंग मशीनवर बोलणार आहे," तो म्हणाला.

नेदाला ऐकू आलं ते खरं वाटेना.

"आमचं लग्न झालं तेव्हा नेदा दर शनिवारी अंगणात चादरी उकळायची. सोडा, राख, गरम पाणी, मग गार पाणी. हात फुटायचे. ती ते एप्रनखाली लपवायची. रस्त्याने चालताना मी हात धरायला गेलो की काढून घ्यायची. पाच वर्षं. मला वाटायचं, हिला मी आवडत नाही. लग्न केलं खरं, पण आवडत नाही. मग वॉशिंग मशीन आलं. महिन्याभराने आम्ही शहरात एका लग्नाला गेलो, आणि बसमधून उतरल्यावर हिने स्वतःहून माझा हात धरला." त्याने कागद उलटा केला, मागे काही नव्हतं. "विजेने गाव बदललं असेल. माझं घर त्या दिवशी बदललं. आणि आजच्या प्लगबद्दल पुन्हा एकदा, चुकलं."

पुढच्या बाकावर मास्तर चष्मा पुसत होते.

नेदाला पहिल्यांदा काय वाटलं असेल? हेच, की हे त्याने आधी झ्लातिनाला वाचून दाखवलं. रोज दहा ते अकरा, दाढी करून, हे. माझे हात, आणि ऐकलं तिने आधी. आणि मग तिला चिमटे आठवले. फ्रीझरवर बोलणार ना, आणि मान आडवी. आडवी म्हणजे हो. पण ती आडवी इकडची नव्हती. ती पादोवाची होती. ती नाही म्हणत होती, तोंडात तीन चिमटे धरून नाही म्हणत होती, आणि एवढ्यावर मी अख्ख्या गल्लीचं पाणी केलं.

वेलिकाने हात मोजले. वॉशिंग मशीनला चौदा, भट्टीला सहा, मोबाइलला गांचोच्या बायकोचा एक. दाब्याला तेवीस.

"लेल्या नेदा, या. स्वतःच्या हाताने ठेवा कपाटात."

नेदा उठली, टेबलावरचा दाब्या दोन्ही हातांनी उचलला. अजून त्याला तेलाचा, मांसाचा ओशटपणा होता. ती कपाटापर्यंत गेली आणि थांबली. काच उघडी होती. कार्डवर तिचं नाव सुंदर अक्षरात लिहून तयार होतं, म्हणजे वेलिकाला आधीच खात्री होती.

"काय झालं?" वेलिकाने विचारलं.

नेदा वळली. सगळं गाव समोर. रुसी शेवटच्या बाकावर, कान अजून लाल. बोलायला गेली तर घशातून आवाज नाही.

झ्लातिना दुसऱ्या रांगेत बसली होती. तिने नेदाच्या चेहऱ्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. एका बाकावर बसलेल्या बाईला तो चेहरा शाळेपासून माहीत असतो. ती उठून उभी राहिली.

"नेदे," ती म्हणाली, "तसराळं आणून ठेवलंस ना, गुरुवारी? मला आज दिसलं. प्लग तू काढलास?"

नेदाचे दोन्ही हात दाब्यात अडकलेले. तिने ओठ घट्ट मिटले आणि मान हलवली. डावीकडून उजवीकडे. उजवीकडून डावीकडे. स्वच्छ, आडवी, सगळ्या हॉलला दिसेल अशी.

हॉलमध्ये प्रत्येकाला कळलं. गांचोच्या तोंडाचा आ झाला. शेवटच्या बाकावर रुसीने मान वर केली.

झ्लातिना तशीच उभी होती. मग तिने कोटाची बटणं लावायला घेतली, एकेक करून.

"बरं," ती म्हणाली. "चौदा वर्षं मी इटलीत काढली आहेत. मी तिकडच्यासारखं समजून घेते. नाही म्हणाली ती."

आधी कोणीतरी मागे फिसकन हसलं. मग मास्तर. गांचो म्हणाला, "आणि माझं डुक्कर? ते कुठल्या देशातलं समजायचं?" आणि मग सगळा हॉलच हसत सुटला.

"पुढच्या रविवारी ये, बरणी उघडू, सांगते," नेदा म्हणाली. आवाज आला एकदाचा. "कपाट नको वेलिका. मत वॉशिंग मशीनला दे माझं. आणि दाब्याची सगळी."

"वॉशिंग मशीन कपाटात मावणार नाही, लेल्या."

"मग राहू दे रिकामं."

ती दाब्या बगलेत मारून रुसीपाशी गेली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "प्लग याने नाही काढला. टोपी मात्र याचीच होती." दुसरं वाक्य कोणाला कळलं नाही. रुसीला कळलं की नाही कोण जाणे.

घरी जाताना दोघं गल्लीतून हळू चालत होते. नेदाच्या एका हातात दाब्या होता, दुसरा हात रुसीच्या हातात. झ्लातिनाच्या फाटकापाशी नेदा थांबली.

"ते बसमधून उतरल्यावर हात धरला ते. ते वाक्य तू लिहिलंस की तिने सुचवलं?"

रुसीने मान हलवली.

"मान नको," नेदा म्हणाली. "तोंडाने सांग."